येतो

घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निघालेला माणूस 'येतो' म्हणतो आणि चार वर्षांसाठी परदेशी निघालेलाही 'येतो'च म्हणतो. चुकून कोणाच्या तोंडून 'जातो' निघालेच तर घरातले वडीलधारे माणूस लगेच 'येतो म्हण' असे दटावते. यामागे अशुभाची भीती आहे हे उघड आहे. परंतु आम्हाला त्यात आणखीही एक शहाणपण दिसते. जाणे सहन होते ते येण्याच्या भरवशावर, हे ज्याने हा रिवाज पाडला त्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. नवल असे, की ज्याला या भरवशाची सर्वांत अधिक गरज त्या लहान मुलाला मात्र हा शब्द ऐकवायचे आपण टाळतो. त्याला काऊ-चिऊ दाखवायला गच्चीवर नेतात, गोळी आणायला वाण्याकडे पाठवतात आणि तेवढ्यात आईबाप मागच्या दाराने निघून जातात. मूल परत येते तो घर रिकामे. दोन दिवस रडते, घुटमळते आणि मग खेळायला लागते. 'रमला हो!' म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

आम्ही अशा रमलेल्यांपैकी एक आहोत. (येथे आणि पुढेही 'आम्ही' म्हणजे एकटे आम्हीच, जेथे घरची मंडळी सामील असतील तेथे 'आम्ही उभयता' असे म्हणू, म्हणजे तिकडून तक्रार यायला नको.) भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिला आणि १९५९ साली तेथली पहिली झोतभट्टी पेटली. त्याच सुमारास आमचे वडील तेथे नोकरीस गेले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. छत्तीसगडात ती गेली २००० साली. आम्हाला पाचवे सरले आणि शाळेचा प्रश्न आला. मुलाचे मराठी बिघडू नये, त्याच्या तोंडी पाढे आणि परवचा मराठीतूनच बसावा, या धास्तीने १९६२ च्या उन्हाळ्यात आम्हाला नाशिकला पंचवटीत आजोळी ठेवण्यात आले. पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर पडलेल्या घरांत त्या काळी ही गोष्ट मुळीच नवलाची नव्हती. आमच्या शेजारच्या घरांतली मुलेही कोणी पुण्याला, कोणी अकोल्याला, अशी वाटली गेली होती. या पानांच्या वाचकांतही असे पुष्कळ निघतील, आणि त्यांना पुढचा मजकूर आम्ही न सांगताही कळेल.

मामा आम्हाला गंगेवर घेऊन गेला. नाशिकची माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. तेथे त्याने आम्हाला एक भिंगरी घेऊन दिली. परत आलो तेव्हा जिन्याखाली आईची ट्रंक नव्हती, त्यावरून काय ते समजलो. आजी सांगत असे, की दोन दिवस आम्ही त्या जिन्याखालच्या रिकाम्या जागेतच बसून होतो आणि तिसऱ्या दिवशी उठून पोरांत खेळायला गेलो. पुढच्या मे महिन्यात आई भेटायला आली, तेव्हा आम्ही अंगणात गोट्या खेळत होतो. आई दारात येऊन उभी राहिली. आम्ही तिच्याकडे पाहिले आणि डाव पुरा केला. केवढा समजूतदार मुलगा, असे त्या दिवशी सर्वांनी म्हटले आणि ही ख्याती आम्हाला मॅट्रिकपर्यंत पुरली.

या 'रमला' शब्दाची कसून झडती घेतली ती लंडनमधल्या एका माणसाने. जेम्स रॉबर्टसन हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅना फ्रॉइड यांनी चालवलेल्या बालगृहात हा गृहस्थ पाणी तापवायच्या बंबाची देखभाल करीत असे. मुलांकडे पाहण्याची दृष्टी त्याला तेथे मिळाली. युद्धानंतर तो टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी या मनोवैद्याच्या हाताखाली काम करू लागला आणि इस्पितळांत ठेवलेल्या लहान मुलांच्या उशाशी बसून नोंदी घेऊ लागला. त्या वेळी तेथल्या इस्पितळांत आईबापांना मुलांना भेटायची परवानगी अगदी तुटपुंजी असे. भेट झाली की मुले रडतात, वॉर्डाची शिस्त मोडते, म्हणून भेटच नको, असा तो न्याय. रॉबर्टसनला दिसले ते असे, की मूल प्रथम आकांत करते, मग खंतावून गप्प होते आणि शेवटी आईवाचून आपले अडत नाही अशा थाटात वागू लागते. परिचारिका ज्याला 'रमले' म्हणत, ते त्याच्या मते दुखणे बरे होण्याचे लक्षण नसून दुखणे आत गेल्याचे होते. कोणी विश्वास ठेवीना तेव्हा १९५२ साली त्याने अडीच वर्षांच्या एका मुलीचा इस्पितळातल्या आठ दिवसांचा चित्रपट काढला. डॉक्टर मंडळी तो पाहून संतापली. परंतु १९५९ साली सरकारी समितीनेच आईबापांना मुलांकडे मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली, आणि इस्पितळांची दारे हळूहळू उघडली.

खुद्द बोल्बींचे बालपण आमच्यासारख्यांना ओळखीचे वाटेल असेच होते. १९०७ साली लंडनमधल्या एका नामवंत शस्त्रवैद्याच्या घरी ते जन्मले. त्या थरातल्या घरांच्या चालीप्रमाणे आईचे दर्शन दिवसाकाठी तासभर घडे. बाकी सारा जीव दाईत. ते चार वर्षांचे असताना ती दाई घर सोडून गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली त्यांनी घरादारावाचून राहिलेल्या मुलांविषयीचा अहवाल लिहिला आणि १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांत आपली उपपत्ती मांडली. मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. जवळ राहणे ही स्वतंत्र भूक आहे आणि ती जन्मभर राहते, हा तिचा गाभा. इंग्रजीत याला 'अटॅचमेंट' म्हणतात. आपण 'अनुबंध' म्हणू.

बोल्बींच्या १९५१ च्या अहवालाचा आधार घेऊन पुढे कित्येकांनी नोकरी करणाऱ्या आयांना धारेवर धरले, हे मात्र आम्हाला पटत नाही. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४ मध्ये युगांडात गेल्या आणि कंपाला शहराजवळच्या खेड्यांत घरोघरी बसून तान्ह्या मुलांच्या नोंदी त्यांनी केल्या. पुष्कळ हातांत वाढलेल्या मुलांचेही अनुबंध पक्के असतात हे त्यांना तेथे दिसले. आपल्या एकत्र कुटुंबात आजी, काकू, आत्या अशा मांड्यांवर वाढलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. आमच्या आजीच्या मायेत तर रतिभरही उणे नव्हते. परंतु माया ही काही ज्वारी नव्हे, की या कणगीतली कमी झाली ती त्या कणगीतून भरून काढली. मुलाला हवे असते ते एक विशिष्ट माणूस, आणि ते येईल की नाही याचा हिशेब.

तो हिशेब एक वर्षाचे मूलसुद्धा कसे मांडते, हे याच बाईंनी पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे दाखवले. अनोळखी खोली, थोडी खेळणी, आई आणि मूल. आई थोड्या वेळासाठी बाहेर जाते, परत येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. सगळा खेळ वीस-बावीस मिनिटांचा. एखाद्याला वाटेल, की आई गेल्यावर मूल किती रडते ते त्या पाहत असतील. तेही पाहत, पण अधिक लक्ष असे ते आई परत आल्यावर मूल काय करते याकडे. बहुतेक मुले धावत जाऊन बिलगत आणि क्षणात शांत होऊन खेळू लागत. ही निर्धास्त मुले. काही बिलगत आणि त्याच वेळी आईला लाथा मारीत, समजूतच पटू देत नसत. ही कासावीस मुले. आणि काही आईकडे नुसते पाहून खेळणे पुढे चालू ठेवीत. ही अलिप्त मुले. त्यांना कोणीही गुणी म्हणाले असते. पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा ते वरून गुणी दिसतानाच आत धडधडत असल्याचे आढळले.

हे वाचले तेव्हा आम्ही पन्नाशी ओलांडली होती. पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ त्या गोट्यांच्या डावाचा विचार करीत बसलो.

आमचे लग्न १९८३ साली झाले. पत्नी ग्वाल्हेरची. शिंदेशाहीत उत्तरेला गेलेल्या आणि तेथेच मुरलेल्या एका घरातली. तिच्या आईला मनाचे काहीतरी दुखणे होते. त्याला घरात नाव नव्हते. एके दिवशी ती माउली मुलीची वेणी घालताना गाणी म्हणे, लाडू वळून देई, कुशीत घेऊन झोपवी. दुसऱ्या दिवशी खोलीची कडी लावून घेई ती संध्याकाळपर्यंत. आज कडी आहे की नाही, हे शाळेतून येताना गल्लीच्या वळणावरूनच ओळखायला पत्नी शिकली होती. घराची खिडकी कशी उघडी आहे, तुळशीला पाणी घातले आहे की नाही, यांवरून ती अंदाज बांधी. अशा मुलीला चेहरे वाचण्याची विद्या येते आणि ती विद्या मिटून ठेवता येत नाही.

अशी आम्हा उभयतांची गाठ पडली, आणि हैदराबादेत आमचा संसार सुरू झाला. पहिल्याच वर्षी ती माहेरी जाऊन महिन्याने परतली. दक्षिण एक्स्प्रेसला आम्ही वेळेआधी अर्धा तास हजर होतो, हमाल न करता दोन्ही ट्रंका स्वतः उतरवून घेतल्या आणि तिला विचारले, "गाडी वेळेवर होती ना?" ती रिक्षात एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हाला मी आले काय नि गेले काय, सारखंच." आम्ही थक्क झालो. महिनाभर कॅलेंडरावर आम्ही दिवस खोडीत होतो. ते कॅलेंडर भिंतीवर तिच्या डोळ्यांसमोर होते. पण कॅलेंडर दाखवावे हेही आम्हाला सुचले नाही.

उलट, बँकेत हिशेबाच्या दिवसांत आम्हाला उशीर झाला, की ती फाटकात उभी. घरात दूरध्वनी नव्हता. लांबून आमची सायकल दिसली की तिचा जीव भांड्यात पडे, हे आम्हाला आता ठाऊक आहे, पण सायकल फाटकाशी आल्यावर ऐकू येई ते, "आलात कशाला? तिथंच राहायचं होतं." मग आम्ही वर्तमानपत्र उघडायचे. तिने येऊन विचारायचे, "काय झालं?" आम्ही म्हणायचे, "काही नाही." हा संवाद मराठी घरांत रोज किती ठिकाणी होत असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही. जितक्या वेळा ती विचारी, तितके आम्ही वर्तमानपत्रात खोल जात असू. आणि आम्ही जितके खोल जाऊ, तितक्या वेळा तिला विचारावे लागे. तिच्या हिशेबात मिटलेला चेहरा म्हणजे लागलेली कडी. आमच्या हिशेबात, मनातले कोणी विचारू लागले की थोड्याच वेळात ट्रंक नाहीशी होणार. दोघांचेही हिशेब आपापल्या जुन्या घरात बरोबर होते. पाच वर्षांच्या मुलाने आईची वाट पाहत रोज जिन्याखाली बसायचे ठरवले असते तर त्याचे पाढे पाठ झाले नसते. आणि कडीकडे लक्ष न देणाऱ्या मुलीला भलत्या दिवशी दार वाजवल्याबद्दल मार बसला असता. घर बदलले, पण हिशेबाची वही मात्र दोघांनीही बरोबर आणली होती.

सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बाळांचे हे तीन प्रकार प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिले. डेन्व्हरच्या एका दैनिकात त्यांनी प्रश्नावली छापली; तीन परिच्छेद दिले आणि त्यांतला आपल्याला लागू पडेल तो निवडा म्हणून सांगितले. सहाशेहून अधिक उत्तरांतून निम्म्याहून थोड्या अधिकांनी निर्धास्त परिच्छेद निवडला, सुमारे पाव हिश्शाने अलिप्त आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास लोकांनी कासावीस. हा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर अभ्यासाचा डोंगर उभा राहिला. त्या डोंगरातून निघालेल्या दोन गोष्टी मात्र लोकांपर्यंत फारशा पोचलेल्या नाहीत. एक अशी, की माणसे या तीन डब्यांत नीट बसत नाहीत. प्रत्येकात थोडी धास्ती आणि थोडी अलिप्तता कमीअधिक असते, आणि समोरचे माणूस बदलले की प्रमाणही बदलते. दुसरी अशी, की पाळण्यातल्या वागणुकीवरून बोहल्यावरची वागणूक सांगता येईल इतका त्यांचा संबंध घट्ट नाही. मधल्या आयुष्यात पुष्कळ काही घडते, आणि त्यात लग्नही आले.

हे सांगायचे कारण आमची भाची. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न झाले. मध्यंतरी आली ती हातात मोबाइल नाचवीतच. त्यातल्या कसल्याशा चाचणीत नवऱ्याच्या वतीने हिनेच उत्तरे भरली होती. "मामा, तो अलिप्तांतला निघाला. आता काही उपयोग नाही." पूर्वी पत्रिका जुळत नसे, आता ही जुळत नाही, एवढाच फरक. मंगळ असलेल्याला निदान शांत तरी करून घेता येत असे! ज्या ज्ञानाचा उपयोग दुसऱ्याचे पाचवे वर्ष डोळ्यांसमोर आणण्यासाठी व्हायचा, त्याचा शिक्का करून त्याच्याच कपाळी मारायचा, हे आम्हाला बरे वाटले नाही. तसे आम्ही तिला म्हणालोही. ती म्हणाली, "मामा, तुम्ही त्याचीच बाजू घेणार." पत्नी आतून हसली.

आमच्या घरी जो काही पालट झाला तो पुस्तक वाचण्याच्या कितीतरी आधी, आणि एका पाटीने. मुलाची जुनी दगडी पाटी पत्नीने दाराशी खिळ्याला टांगली आणि सांगितले, की निघताना परत यायची वेळ लिहून जात जा. बँकेतल्या माणसाला आकडा लिहिणे जड नसते. आम्ही 'सात' लिहू लागलो. सातला येत गेलो. उशीर होणार असेल तर 'साडेआठ' लिहीत गेलो. पहिले कित्येक महिने ती सातलाही फाटकात असे. मग सव्वासातला येऊ लागली. मग एका पावसाळ्यात आम्ही साडेसातला भिजून आलो तेव्हा ती आत भजी तळीत होती. त्या दिवशी आमचे थोडे बिनसलेच. आपली वाट पाहिली जाणे ही किती सुखाची गोष्ट होती, हे फाटक रिकामे दिसल्यावर कळले. "आज बाहेर आली नाहीस?" असे आम्ही विचारले. असा प्रश्न आमच्या तोंडून निघालेला तिने आयुष्यात प्रथमच ऐकला, आणि झारा हातात धरून ती आमच्याकडे पाहतच राहिली.

तिनेही एक गोष्ट केली. संध्याकाळी आम्ही गप्प असलो, तर 'काय झालं' न विचारता ती आपली मटार किंवा मेथी घेऊन शेजारी बसू लागली. हे तिला किती कठीण गेले असेल याची कल्पना कडी पाहत वाढलेल्या माणसालाच येईल. अर्धी जुडी निवडून होईपर्यंत आम्ही आपणहून बोलू लागत असू. कधी कधी पूर्ण जुडी लागे.

२००४ साली आई आमच्याकडे राहायला आली. अशाच एका मेथीच्या दुपारी पत्नीने तिला विचारले, "आई, यांना नाशिकला ठेवलंत, तेव्हा तुम्हाला कसं हो झालं?" बेचाळीस वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. आई थोडा वेळ जुडीच सोडवीत राहिली. मग म्हणाली, "त्याला गंगेवर धाडलं ते त्याच्यासाठी नव्हे गं. तो रडला असता तर माझा पाय निघाला नसता. भुसावळ येईपर्यंत पदर तोंडात धरून बसले होते. हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. मग आठ दिवसांनी दादाचं पत्र आलं, बाळ छान रमला म्हणून." येथे ती थांबली. "ते वाचलं, त्या रात्री जास्त रडले."

आम्ही शेजारच्या खोलीत होतो. दार उघडेच होते.

मेरी मेन नावाच्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्याची एक पद्धत बसवली. आईशी तुमचे नाते कसे होते ते पाच विशेषणांत सांगा, आणि मग प्रत्येक विशेषणासाठी एखादी आठवण सांगा, असा त्यातला एक भाग आहे. काहींची विशेषणे उत्तम असतात, पण आठवण एकही निघत नाही. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा ते माणसाला किती धडपणे सांगता येते, यावरून त्याच्या स्वतःच्या मुलाचा अनुबंध कसा असेल याचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले. बालपण कष्टात जाऊनही पुढे मन निर्धास्त झालेली माणसेही त्यांना भेटली. आमचे बालपण कसे गेले असे कोणी विचारले, तर त्या दुपारपर्यंत आम्ही 'उत्तम' असे उत्तर देत असू आणि विषय बदलत असू. जिन्याखालची जागा, भिंगरी, ट्रंक या गोष्टी आम्ही पत्नीला सांगितल्या त्या त्याच रात्री. सांगायला तास लागला. भिंगरीचा रंग काय होता, असे तिने विचारले. तांबडा आणि पिवळा होता, हे सांगताना आमचा आवाज का बसला कोण जाणे!

आई २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेत आमची नाशिकहून पाठवलेली पत्रे निघाली. सगळी एकाच साच्यातली: मी मजेत आहे, पाढे पाठ झाले, काळजी करू नये. एकातही 'कधी येणार' असे विचारलेले नाही. पत्नीने ती तारीखवार लावून ठेवली आहेत.

पाटी आता नाही, मोबाइल आहेत. तरी पत्नी दरवर्षी थंडीत भावाकडे ग्वाल्हेरला जाते आणि आम्ही स्टेशनावर आणायला जातो. गेल्या खेपेला दक्षिण एक्स्प्रेस चांगलीच रखडली. फलाटावर थंडी होती. चहा तीनदा झाला. शेवटी गाडी आली, डब्याच्या दारात ती दिसली आणि आम्ही काही म्हणायच्या आतच मोरेन्याच्या गजकेची पिशवी आमच्या हातात देत ती म्हणाली, "चार तास उशिरा होती. आता विचारू नका."